बारापैकी अकरा

माझी जीभ फार तेज आहे, असं मला बावन्न वर्षं वाटत होतं. वाटण्याला पुरावा लागत नाही, ही एक मोठी सोय आहे. घरात भाजीत मीठ कमी-जास्त झालं की ते सगळ्यात आधी मी सांगायचो. घरात सगळ्यात आधी जेवायला बसायचो तोही मीच, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला कधी सुचलं नाही.

माझा धंदा गाडी शिकवण्याचा. छपरावर ‘शिकाऊ’ अशी पाटी लावलेली छोटी पांढरी गाडी, माझ्या पायाशी एक जादा ब्रेक आणि तोंडाची अखंड टकळी. क्लच, क्लच, क्लच. आरशात बघा. अहो, स्वतःकडे नाही, मागच्या ट्रककडे. दिवसाचे सात तास मी लोकांना त्यांचं काय चुकलं ते सांगतो, आणि हे बावीस वर्षं चाललंय. त्यामुळे माझं काय चुकलं ते कुणी मला सांगायची वेळ फारशी आली नव्हती. बायको तर सांगायचीच नाही. ती एका शाळेच्या ऑफिसात काम करते, दिवसभर पालकांची गाऱ्हाणी ऐकून घरी येते आणि आल्यावर तिला शांतता लागते. तिच्या गप्प बसण्याला मी होकार समजत आलो होतो.

तर झालं असं, की एका रविवारी माझी मेहुणी घरी आली. बायकोची धाकटी बहीण. खाण्यापिण्याच्या वस्तू तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती संशोधन करते. पर्स खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, “ताई, भाऊजी, मला माणसं हवीत. चाखायला.”

“मी आहे,” मी म्हणालो. काय चाखायचं ते अजून कळलं नव्हतं.

चाखायचा होता सफरचंदाचा रस. रसाच्या एका कंपनीला त्यातली साखर थोडी कमी करायची होती आणि तो फरक माणसाला कळतो का, ते प्रयोगशाळेनं बघून द्यायचं होतं. पण मेहुणीला त्यातच स्वतःचा एक प्रश्न सोडवायचा होता. चाखणाऱ्याला प्रत्येक वेळी तिथल्या तिथे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असं सांगितलं, तर त्याची जीभ शिकते का? म्हणून अर्ध्या माणसांना निकाल दाखवायचा, अर्ध्यांना नाही. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे.

“शिकणारच की,” मी म्हणालो. “सांगितल्याशिवाय माणूस शिकतो का कधी? मग मी बावीस वर्षं काय करतोय?”

“तेच तर तपासायचंय, भाऊजी,” ती म्हणाली. ती माझ्याबद्दल बोलत नसावी, असं मी धरून चाललो.

चिठ्ठ्या टाकून गट पाडले. मी निकाल दाखवायच्या गटात गेलो, बायको न दाखवायच्या. मला तिच्याबद्दल थोडं वाईट वाटलं. तिला वाटलेलं दिसलं नाही.

प्रयोगशाळेतली चाखायची खोली लांबट होती. भिंतीला लागून आठ कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक स्क्रीन आणि समोर छोटी झडप. दिवा लाल, म्हणजे रसाच्या रंगावरून कुणी ओळखू नये. झडप वर जायची आणि आतून एक ट्रे यायचा. त्यावर काचेचे तीन छोटे पेले, प्रत्येकावर तीन आकडी नंबर. तिघांपैकी दोघांत एकच रस, एकात वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं, स्क्रीनवर त्याचा नंबर दाबायचा, पाण्यानं चूळ भरायची, बिनमिठाच्या बिस्किटाचा तुकडा चावायचा आणि पुढच्या ट्रेची वाट बघायची. असे बारा ट्रे. माझ्या स्क्रीनवर नंबर दाबताच हिरव्या अक्षरांत ‘बरोबर’ किंवा लाल अक्षरांत ‘चूक’ उमटायचं. बायकोच्या स्क्रीनवर नुसतंच ‘धन्यवाद’.

खाली आणखी एक चौकट होती. ‘फरक कसा जाणवला, इच्छा असल्यास लिहा.’ ही चौकट पुढे मला फार महागात पडली.

पहिल्या दिवशी माझे बारापैकी चार बरोबर आले.

“चार काही वाईट नाहीत,” मी मेहुणीला म्हणालो.

“चार तर डोळे मिटून बोट ठेवलं तरी येतात, भाऊजी. तिनातला एक. निदान आठ आले तर म्हणायचं, की माणसाला खरंच काहीतरी कळतंय.”

मी टूथपेस्टला दोष दिला. सकाळी दात घासणंच पुढे ढकललं. दुसऱ्या आठवड्यात सहा आले, मग सात. तिसऱ्या आठवड्यात नऊ. आणि चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी हिरव्या अक्षरांची रांगच लागली. बारापैकी अकरा.

ते कसं व्हायचं हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी अर्धा तास बोललो असतो. खरं म्हणजे मला काहीच ठाऊक नव्हतं. पेला उचलला, ओठाला लावला, की आतून कुणीतरी म्हणायचं, हाच. मी तो नंबर दाबायचो आणि स्क्रीन हिरवी व्हायची. एवढं झाल्यावर माणूस स्वतःला जाणकार समजू लागला तर त्यात त्याचा दोष किती? माझ्या बाबतीत पुष्कळच. कारण मी त्या चौकटीत लिहायला लागलो. ‘मागाहून येणारा किंचित लाकडी तुरटपणा.’ ‘गोडव्याची कडा बोथट झाली आहे.’ एका शुक्रवारी लिहिलं, ‘हा रस घाईत आहे.’ हे वाक्य मला इतकं आवडलं, की घरी जाईपर्यंत मी ते दोनदा मोठ्यानं म्हटलं.

“तुझे किती येत असतील?” मी गाडीत बायकोला विचारलं.

“आम्हाला सांगत नाहीत.”

“तरी अंदाजे?”

“अंदाज कशाला करू? विचारतात ते सांगते आणि बाहेर येते.”

“जिभेच्या कडांवर घेत जा,” मी म्हणालो. “कडांना साखर चटकन कळते.”

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिला मुद्दा पटला, असा मी अर्थ काढला.

त्या दिवसांत माझे पाय जमिनीवर नव्हते. पायाशी ब्रेक होता म्हणून ठीक. सिग्नलला गाडी थांबली की मी शिकणाऱ्यांना चवीवर भाषण द्यायचो. त्यांत एक डेंटिस्टबाई होत्या. हुशार, नेमक्या, दाताच्या फटीत सुई घालणाऱ्या हाताच्या. माझ्याबरोबर असताना त्या अचूक ब्रेक लावायच्या, आणि लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्या होत्या. तिन्ही वेळा ब्रेक उशिरा लावल्याबद्दल. याचं कोडं मला उलगडत नव्हतं. परीक्षक खडूस आहे, असं मी त्यांना सांगून टाकलं होतं. त्यांना मी जिभेच्या कडांचं सांगितलं तर म्हणाल्या, “सर, तसं काही नसतं. सगळ्या जिभेवर सगळ्या चवी लागतात.”

“बाई, तुम्ही रस्त्याकडे लक्ष द्या,” मी म्हणालो.

शेजारच्यांकडे चहा प्यायलो तेव्हा सांगितलं, की हा चहा दोनदा उकळलाय. बरोबर निघालं. त्यानंतर त्यांनी मला चहाला बोलावलं नाही, पण माझ्या लेखी तोही एक हिरवा निकालच होता.

पाचव्या आठवड्यात मेहुणीच्या प्रमुखबाईंनी ठरवलं, की रसाच्या कंपनीची माणसं येणार आहेत तर त्यांना एक तयार झालेला चाखणारा प्रत्यक्ष दाखवावा. सगळ्यात वरचे आकडे माझे होते. मेहुणीचा फोन आला.

“भाऊजी, सहाच ट्रे आहेत. फक्त या वेळी स्क्रीन भिंतीवर मोठी असेल आणि लोक बघत असतील. चालेल ना?”

मी सकाळपासून चहा घेतला नाही. इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोचा नेहमीचा चाखायचा दिवसही तोच होता, म्हणून ती बरोबर आली आणि दारापाशी बाकावर वही उघडून बसली. शाळेचं काहीतरी काम होतं.

पाहुणे तिघं होते. त्यांतल्या एका उंच गृहस्थांच्या हातात डायरी होती. पाहुण्यांसमोर सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून मेहुणीनं शेजारच्या विभागातून पाण्याचा एक मोठा टब मागून आणला होता. रसाचे दोन्ही जग त्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवले होते आणि कडेला थर्मामीटर लटकत होता. मला ते सगळं आवडलं. मोठ्या माणसासाठी व्यवस्था मोठी असायचीच.

पहिला ट्रे आला. मी पेला उचलला, ओठाला लावला आणि आतल्या माणसाची वाट बघितली. तो बोलेना. दुसरा पेला, तिसरा. तिन्ही सख्ख्या भावांसारखे. परत पहिला. आत सामसूम.

लोक बघत होते. मी भुवया आकसल्या, मान तिरकी केली आणि म्हणालो, “हं. हा रस घाईत आहे.” आणि मधला नंबर दाबला.

भिंतीवर हातभर उंचीची लाल अक्षरं उमटली. चूक.

“घाईत मीच होतो वाटतं,” मी म्हणालो. कंपनीच्या माणसांतलं कुणीतरी हसलं, आणि मला वाटलं की सावरलं. दुसरा ट्रे, चूक. तिसरा, चूक. चौथा बरोबर आला, आणि मी इतका जोरात ‘बघा!’ म्हणालो, की डायरीवाल्या गृहस्थांनी डायरी खाली ठेवली. पाचवा चूक, सहावा चूक. सहापैकी एक. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तर दोन आले असते.

“यांना किती आठवडे शिकवलंय?” त्या गृहस्थांनी अगदी सभ्यपणे विचारलं.

“पाच,” मेहुणी म्हणाली. प्रमुखबाई पाहुण्यांना दुसरा विभाग दाखवायला घेऊन गेल्या. चालताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं झालं.

मी मेहुणीला सर्दीचं सांगू लागलो. ती ऐकत नव्हती. टबापाशी उभी राहून तिनं पाण्यात हात घातला होता आणि तो तसाच ठेवला होता. मग ती कोपऱ्यातल्या फ्रीजकडे गेली, तो उघडला, बंद केला. थोड्या वेळानं तिनं माझ्यासमोर तीन पेले आणून ठेवले.

“भाऊजी, वेगळा कोणता?”

मी एकेक हातात घेतला. आतला माणूस लगेच जागा झाला. “हा!”

“चाखलात?”

मी हातातल्या पेल्याकडे बघितलं. ओठापर्यंतही नेला नव्हता.

“तिन्हीत साधं पाणी आहे,” ती म्हणाली. “दोन फ्रीजमधलं, एक बाहेरचं.”

आणि ती स्टुलावर बसली.

प्रकार सरळ होता. फ्रीज छोटा. त्यात एकच जग मावायचा, तो नेहमीच्या रसाचा. कमी साखरेच्या रसाचा जग काढला की टेबलावर राहायचा. खोली गार होती, त्यामुळे फरक फार नव्हता, पण होता. तीन पेल्यांत जो वेगळा असायचा तो इतर दोघांपेक्षा एक तर किंचित कोमट असायचा, नाहीतर किंचित गार. स्क्रीन मला हिरवं-लाल दाखवत गेली आणि मी शिकत गेलो. शिकलो अगदी मनापासून. फक्त जे शिकलो त्यात जिभेचं काही काम नव्हतं.

“तुमची बोटं फार हुशार आहेत, भाऊजी,” मेहुणी म्हणाली. चेष्टेनं म्हणाली असती तर सोसलं असतं.

“म्हणजे तो एक पेला कोमट असायचा तेच ना?” बाकावरून आवाज आला. बायको वहीत बोट घालून आमच्याकडे बघत होती.

“ताई! तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“अगं मग बोलली का नाहीस?”

“तू चवीतला फरक विचारलास. गार-गरम विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मला वाटलं, आम्हाला फसवायला तुम्ही मुद्दाम तसं ठेवता. म्हणून मी पेले थोडा वेळ तसेच राहू द्यायचे. सगळे सारखे झाले की मग चाखायचे.”

मेहुणीनं धावत जाऊन तिची नोंद काढली. एका ट्रेला सगळ्यात जास्त वेळ घेणारी बाई म्हणून तिच्यावर खूण करून ठेवली होती. आकडे होते सात, सहा, सात, सात, आठ, सात. पाच आठवडे असेच. एखाद्या दिवशीचे सात योगायोगानं येतात, रोजचे येत नाहीत. वर नाही, खाली नाही. कुणी तिला शाबास म्हणालं नव्हतं आणि चुकलीस असंही म्हणालं नव्हतं. तरी त्या इमारतीत रसाची चव ज्यांना खरोखर कळत होती त्यांत माझी बायको होती, आणि तिला मी जिभेच्या कडांबद्दल सांगत होतो.

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगतो, म्हणजे माझी पुरती ओळख होईल. मला वाटलं, काही असो, अकरा ते अकराच ना.

मग माझं मेहुणीकडे लक्ष गेलं. ती कॉम्प्युटरवर एक आलेख बघत होती. निकाल दाखवायच्या गटाची रेघ जिन्यासारखी वर चढत गेली होती. दुसरी रेघ आडवी.

“किती सुंदर दिसत होता,” ती म्हणाली. “दर आठवड्याला मी हा बघायचे आणि मला वाटायचं, बरोबर चाललंय. तुमचा काय दोष? मलाही हिरवंच दिसत होतं.”

पाच आठवडे, बत्तीस माणसं. तिचं सगळं काम टेबलावर ठेवलेल्या त्या रसाच्या जगापायी वाया गेलं होतं.

“कुणाला सांगायलाच पाहिजे का?” मी विचारलं. “म्हणजे, कळणार कुणाला?”

दोघी बहिणींनी माझ्याकडे एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं बघितलं. त्या इतक्या सारख्या दिसतात हे मला लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर कळलं.

मेहुणी प्रमुखबाईंच्या केबिनमध्ये गेली. दाराला काच होती. ती उभी राहून बोलत होती. प्रमुखबाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. दहा मिनिटांनी ती बाहेर आली.

“सगळं पहिल्यापासून. नवी माणसं, आणि दोन्ही जग टबात.”

“रागावल्या?” बायकोनं विचारलं.

“आधी म्हणाल्या, आपलं आपणच पकडलं हे बरं झालं. मग रागावल्या.”

घरी जाताना गाडीत कुणी बोललं नाही. माझ्याकडे बोलायला विषयच उरला नव्हता, आणि ही अवस्था मला अगदी नवीन होती.

दुसऱ्या दिवशीही मी तसाच गप्प होतो. डेंटिस्टबाई गाडी चालवत होत्या. मी क्लच म्हटलं नाही, आरसा म्हटलं नाही, नुसता बाहेर बघत बसलो. बसून बसून पाय आखडला म्हणून मी गुडघा थोडा वर घेतला. गाडी गचकन थांबली. रस्ता मोकळा होता. समोर मांजरसुद्धा नव्हतं.

“का थांबलात?”

“तुम्ही ब्रेक मारणार होतात ना?”

“मी?”

“तुमचा गुडघा वर आला.”

मी त्यांना पुढे निघायला सांगितलं. दोनशे मीटरवर मुद्दाम गुडघा हलवला. परत ब्रेक. बाई रस्त्याकडे बघतच नव्हत्या. आठ महिने त्या माझ्या गुडघ्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत गाडी चालवत होत्या, आणि परीक्षेच्या गाडीत हा गुडघा नसायचा. बिचारा परीक्षक. मी त्याला किती नावं ठेवली होती.

मी मागच्या सीटवरचा पेपर घेतला आणि दोन्ही मांड्यांवर पसरला.

“हे काय करताय?”

“आजपासून असंच.”

“मग मला कळणार कसं?”

“समोर बघून.”

त्या भयंकर चिडल्या. पहिल्या चौकात उशिरा थांबल्या, दुसऱ्यात फार लवकर, तिसऱ्यात गाडी बंद पडली आणि मागच्या टेम्पोवाल्यानं आमच्या दोघांच्याही घराण्याची आठवण काढली. “सर, तुम्ही काहीतरी बोला तरी!” त्या ओरडल्या. मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो. चौथ्या चौकात त्यांनी दूरवरून एका सायकलवाल्याला हेरलं आणि हळूच वेग कमी केला. पेपराखाली माझा पाय ब्रेकवर होताच, पण दाबावा लागला नाही. “असं?” त्यांनी विचारलं. “असं,” मी म्हणालो. पहिल्या चौकापासून मी तेवढा एकच शब्द बोललो. लायसन्सच्या चौथ्या परीक्षेत त्या नापास झाल्या, त्याचं खापर त्यांनी माझ्या पेपरावर फोडलं. पाचव्या परीक्षेत पास झाल्या आणि माझ्यासाठी दात तपासायची तारीख स्वतःहून ठरवून टाकली. फुकट. मी दोनदा टाळली.

मधल्या काळात मी मेहुणीला फोन केला. “मला परत घेशील?”

“तुम्हाला नव्या गटात नाही घालता येणार, भाऊजी. तुमची जीभ आता कोरी नाही.” मग तिला काहीतरी सुचलं. “पण तुमच्यासारखे जे उलटं शिकून बसलेत, त्यांना ते विसरायला किती वेळ लागतो, हे बघायला मला आवडेल. वेगळा छोटा गट करू. निकाल दाखवू. याल?”

असे आम्ही सात जण भरती झालो. एक निवृत्त बँकवाले, एक नर्सबाई, बाकीचेही असेच माजी उस्ताद. आम्ही एकमेकांच्या नजरा टाळायचो. पहिल्या दिवशी माझे तीन आले. मग दोन. मग चार, तीन. काहीच न शिकलेल्या माणसापेक्षा मी मागे होतो, कारण मी रस चाखतच नव्हतो, बोटांनी गार-गरम शोधत होतो आणि तिन्ही पेले सारखेच गार होते. स्क्रीन इतकी लाल व्हायची, की खोलीतल्या लाल दिव्याची वेगळी गरज नव्हती.

“हातमोजे घालून बघू का?” मी बायकोला विचारलं. एव्हाना मी तिला विचारू लागलो होतो.

“ते चौकटीत लिहिणं बंद करा आधी,” ती म्हणाली. “तुम्ही चाखता कमी आणि काय लिहायचं याचा विचार जास्त करता.”

पंचवीस वर्षांत तिनं मला चुकलात म्हणून सांगितलेलं हे बहुतेक पहिलंच. निदान मी ऐकलेलं पहिलं.

मी चौकट सोडून दिली. पेला उचलायचा तो बुडाशी दोन बोटांत धरून. घोट घ्यायचा आणि काहीही सुचू द्यायचं नाही. हे वाटतं त्याहून अवघड आहे. माझ्या डोक्यात ‘लाकडी’ हा शब्द आठवडाभर फेऱ्या मारत होता. चौथ्या आठवड्यात एका ट्रेवर काहीतरी झालं. दोन पेल्यांत आधी गोड लागलं आणि आंबट मागून आलं. तिसऱ्यात आंबट जरा लवकर आलं. बस्स, एवढंच. इतकी किरकोळ गोष्ट, की अकराच्या दिवसांत मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. मी नंबर दाबला. बरोबर. पुढच्या ट्रेवर तेच शोधायला गेलो आणि चुकलो.

शेवटच्या तीन आठवड्यांतले माझे आकडे पाच, सहा, चार, सहा, पाच, सात.

“सात म्हणजे काय समजायचं?” मी मेहुणीला विचारलं.

“सात म्हणजे...” तिनं डोकं खाजवलं. “नक्की काही सांगता येत नाही, भाऊजी.”

माझ्याबद्दल इतकं अचूक वाक्य आजवर कुणी बोललेलं नाही.

तिचा अहवाल यथावकाश झाला. नव्या माणसांत, दोन्ही रस एकाच तापमानाला ठेवून, निकाल सांगितलेला गट शिकला, पण हळूहळू. जिना नव्हे, मंद चढाचा रस्ता असावा तशी ती रेघ. निकाल न सांगितलेला गट होता तिथेच राहिला. आणि आधी चुकीचं शिकलेल्यांना त्याच जागी यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्रमुखबाईंनी सही केली. आमच्या सात जणांचे ठिपके त्या आलेखात खालच्या बाजूला आहेत. त्यांना नावं नाहीत. सगळ्यात खालचा कुणाचा ते मी विचारलं नाही, आणि मेहुणीनं सांगितलं नाही.

कायमच्या चाखणाऱ्यांची निवड झाली तेव्हा प्रयोगशाळेचं पत्र आमच्या घरी आलं. मी घाईघाईनं फोडलं. बायकोच्या नावाचं होतं. मी ते परत नीट चिकटवायचा प्रयत्न केला, तोही तिनं ओळखला.

कायमच्या लोकांना निकाल दाखवतात. पहिल्या मंगळवारी मी तिला सोडायला गेलो आणि बाहेर गाडीत थांबलो. काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. ती आली, दार लावून बसली, पट्टा लावायला विसरली. माझा निश्चय गाडी सुरू होईपर्यंत टिकला.

“किती?”

“आठ.” तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. “पण नववा ट्रे चुकला. कसा काय चुकला? मला तर पक्कं वाटत होतं, की... थांबा. बोलू नका जरा. अजून आहे जिभेवर.”

तिनं डोळे मिटले. मी गाडी बंद केली. तिचे गाल आतून हलत होते, मधेच थांबत होते, परत हलत होते. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता, किंवा पाहिला असेल तर तेव्हा मी बोलत असणार. मागून कुणीतरी हॉर्न दिला. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याला बाजूनं जायची खूण केली.